बाहेरचा आवाज

आमच्या घरातल्या आतल्या भिंती छपरापर्यंत पोहोचत नाहीत. माणसाच्या उंचीवर दीड-दोन हात गेल्या की त्या थांबतात, आणि त्यांच्या माथ्यावरून कौलांपर्यंत सगळं घर एकच असतं. चुलीपाशी बसलेली आई पडवीतल्या बाबांना मान न वळवता विचारते, “भाकर टाकू का?” आणि बाबा तिकडूनच “टाक” म्हणतात. कैनाड, रानशेत, सायवन अशा डहाणूच्या आतल्या गावांत ही रचना सर्रास दिसते. वारा खेळता राहतो, धूर कौलांतून निघून जातो, आणि कुणाला काय हवं-नको ते उठून न जाता कळतं. मी याच घरात बारावीपर्यंत शिकले. आवाजाची मला कधी अडचण झाली नाही. ती २०१८ साली झाली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबांना शेताच्या बांधावर चक्कर आली. तपासल्यावर रक्तदाब बराच वाढलेला निघाला. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होते. औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या कंपनीचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: एखाद्या औषधानं कुणाला त्रास झाला की त्याची खबर डॉक्टरांकडून किंवा रुग्णाकडून येते. ती वाचायची, त्रासाला ठरलेल्या यादीतला नेमका शब्द द्यायचा, औषधाचा आणि त्रासाचा संबंध कितपत संभवतो ते ठरवायचं आणि मुदतीत नोंद पुरी करायची. लॅपटॉप आणि नेट असेल तर हे कुठूनही करता येण्यासारखं होतं. मी तसा मुद्देसूद अर्ज केला आणि एक वर्ष घरून काम करण्याची परवानगी मिळवली. आमच्या गटात ती मिळालेली मी पहिलीच. मला दुहेरी समाधान होतं. बाबांपाशी राहता येणार होतं, आणि वरच्या पदासाठी मी दोन वर्षं जी तयारी करत होते तीही सोडावी लागणार नव्हती. या दोन्ही गोष्टी एका छपराखाली बसतील की नाही, अशी शंकादेखील मला आली नाही.

पहिले दोन दिवस मी फोन हातात घेऊन घरभर फिरले. प्रत्येक कोपऱ्यात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी नेटची गती मोजली आणि तक्ता केला. स्वयंपाकघरात शून्य. मधल्या खोलीत रेंज येई आणि जाई. पडवीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी मात्र तिन्ही वेळा भरपूर. त्या खिडकीखाली बाबांची खाट होती.

“हितंच लागतंय काय तुझं?” बाबांनी विचारलं.

“हो. इथंच सगळ्यात चांगलं येतं.”

“मंग हितंच बस. खाट काय, कुठंपन जाते.”

खाट मागच्या खोलीत गेली, तिच्या जागी टेबल आलं. तक्त्याच्या आधारे घेतलेला तो निर्णय मला निर्विवाद वाटला. पण त्या तक्त्यात मी एकच गोष्ट मोजली होती. बाबा त्या खिडकीपाशी का बसतात, हेही विचारात घ्यायला हवं, हे माझ्या लक्षात आलं नाही. चक्कर आल्यापासून त्यांचं शेतावर जाणं कमी झालं होतं. पाड्यातून सडकेकडे जाणारा प्रत्येक माणूस मात्र त्या खिडकीवरून जाई. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं ठरलं, तलासरीच्या बाजाराला कोण चाललं, हे सगळं त्यांना बसल्या जागी कळे. माणसं गज धरून बोलत उभी राहत. पहिल्या आठवड्यात ती सवयीनं माझ्याशीच बोलू लागली. एकदा मी मीटिंगमध्ये असताना शेजारची काकी गजांतून डोकावली.

“काय गो बाय, बापूस कुठं तुझा? आन तू कुनाशी बोलतेस एकटीच?”

मी ओठांवर बोट ठेवलं. ती अंगणात जाऊन आईला म्हणाली, “तुझी पोर त्या डब्यात बघून भांडते कुनाशी गो? तरी सांगत व्हते, येवढं शिकवू नको.”

आई हसली, पण मी त्याच संध्याकाळी खिडकीला जाड पडदा लावला.

माझी त्या वेळची मनःस्थिती सांगायला हवी, नाहीतर पुढचं केवळ निष्ठुरपणाचं वाटेल. ऑफिसात माणूस समोर दिसतो. त्याची मेहनत दिसते, थकवा दिसतो, त्यानं जेवण टाळून काम संपवल्याचंही कुणाच्या तरी नजरेत येतं. घरून काम करणाऱ्याचं यातलं काहीच कुणाला दिसत नाही. माझे सहकारी चहाच्या टेबलावर जे ठरवत ते मला चार दिवसांनी, तेही ओझरतं कळे. इकडे पाड्यात “ती घरीच असते” याचा अर्थ नोकरी सुटली असा होई, आणि आई प्रत्येकाला समजावून थकली होती. ऑफिसात मी नव्हते आणि घरीही खऱ्या अर्थानं नव्हते. मीटिंगमधला माझा आवाज तेवढा माझ्या असण्याचा पुरावा होता. म्हणून तो स्वच्छ पोहोचावा, यासाठी मी हट्टाला पेटले.

बाबांना मी सगळं रीतसर समजावलं. “हे बटण दाबलं की म्यूट होतं. मग इथलं काही तिकडे ऐकू जात नाही.”

“आन त्यांचं?”

“त्यांचं मला येतं.”

“म्हंजे तू नुसतं ऐकायचं.”

आई आतून, भिंतीच्या माथ्यावरून म्हणाली, “बरं झालं. सासरी जायच्या आधी तेवढं तरी शिकली.”

तिघंही हसलो. तेव्हापासून म्यूट हा आमच्या घरातला शब्द झाला. “म्यूट हाय का?” असं बाबा मागच्या खोलीतून विचारत, मी “आहे” म्हटलं की बोलत, “नाही” म्हटलं की गप्प होत. मी उत्तर दिलंच नाही, तर ते गप्पच राहत. हळूहळू मी उत्तर देईनाशी झाले आणि ते विचारीनासे झाले. हे नेमकं कधी घडलं, ते मला आठवत नाही. एरवी माझ्याकडे सगळ्याच्या नोंदी असतात.

गणपतीच्या सुमारास बाबांचा रक्तदाब पुन्हा वाढला. त्यांना डहाणूला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, त्याच दिवशी माझी मीटिंग होती. आई त्यांना घेऊन गेली. परत आल्यावर मी विचारलं, “रीडिंग किती आलं?” त्यांच्या रक्तदाबाचा आलेख मी लॅपटॉपवर ठेवला होता. आकडा भरला आणि शेरा म्हणून पुढे लिहिलं, ‘गोळी बदलली’. कोणती गोळी, ते विचारलं नाही. आलेख पुढच्या दोन महिन्यांत सुरेख उतरला आणि मी खूश झाले.

खोकला दिवाळीच्या आधी सुरू झाला. कोरडा, घशात काहीतरी वळवळल्यासारखा, एकदा लागला की थांबायचा नाही. भाताची झोडणी चालू होती, धूळ होती, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. मलाही नाही. मला त्याचा आवाज तेवढा जाणवे. तो मागच्या खोलीतून निघे, भिंतीवरून येई आणि थेट माझ्या माइकमध्ये शिरे. आई त्यांना मध-आलं देई, हळद-दूध देई. मी म्हणे, “बाबा, मीटिंग असली की जरा परसात बसाल का?” ते बसत. कधी मीटिंग लांबे आणि ते उन्हात तसेच बसून राहत. दहा वाजता ते विचारत, “आज किती हायत?” मी म्हणे, “तीन.” ते मान हलवत आणि आपला दिवस त्याप्रमाणे आखत.

मग ती मोठी मीटिंग आली. परदेशातल्या एका ग्राहक कंपनीची माणसं आमचं काम तपासत होती आणि एका कठीण प्रकरणाचं विवेचन माझ्याकडे दिलेलं होतं. वरच्या पदासाठी माझा विचार व्हायचा तर तो याच्या जोरावर. मी बोलत होते, आणि मागून खोकला उसळला. बाबा पाणी प्यायला घरात आले होते. ते तोंड दाबून धरत होते हे मला आवाजावरूनच कळत होतं; त्यामुळे तो अधिकच विचित्र, कण्हल्यासारखा येत होता. आमच्या गटप्रमुख मॅडमनी मला मध्येच थांबवून हिंदीत विचारलं की तुझ्याकडे काय चाललंय.

मी म्हणाले, “सॉरी मॅडम, बाहर कोई है।”

तेवढंच. विवेचन पूर्ण झालं, चांगलं झालं. लॅपटॉप मिटून मी आत गेले तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात हातात तांब्या घेऊन उभे होते. तरुणपणी ते काही वर्षं वापीच्या कारखान्यात होते. हिंदी त्यांना माझ्याइतकीच कळते.

“झालं का नीट?” त्यांनी विचारलं.

“हो. झालं.”

“बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाण्याची बाटली, टॉवेल आणि एक गोधडी घेतली आणि ते शेतावर गेले. घरामागच्या शेतात वालाच्या राखणीची एक खोप आहे, पेंढ्यानं शाकारलेली. ते दिवसभर तिथं बसले. तिसऱ्या दिवशी आईनं दुपारचं जेवण तिकडेच नेलं. मला वाटलं, राखण करण्यात त्यांचा वेळ चांगला जातोय. माइकमधली शांतता इतकी निर्मळ होती की मी तिची कारणं तपासली नाहीत.

त्याच थंडीत आमच्याकडे जमीन हलू लागली. डहाणू आणि तलासरीतल्या कुणालाही त्या महिन्यांबद्दल वेगळं सांगायला नको. आधी सुरुंग लागल्यासारखा दणका, मग पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं, मग भांड्यांचा आवाज. कधी दिवसात एकदा, कधी चारदा. शाळा झाडांखाली भरू लागल्या, अंगणाअंगणांत ताडपत्र्या बांधल्या गेल्या. आम्हीही रात्री अंगणात झोपत होतो. पण रेंज अंगणात येत नव्हती, म्हणून दिवसा मी पडवीतच बसत होते. शक्यतांचा हिशेब मी आईला पटवून दिला होता. लहान धक्क्यांनी घर पडत नाही, आणि मी दारापासून सहा पावलांवर आहे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक धक्का नेहमीपेक्षा मोठा बसला. टेबल सरकलं, कौलांतून माती पडली. आई ओरडत अंगणात पळाली. माझी मीटिंग चालू होती. ती महत्त्वाचीही नव्हती. पुढच्या आठवड्याच्या कामाची वाटणी चालली होती. मी लॅपटॉप धरला, क्षणभर थांबले, आणि हलणं थांबल्यावर बोलणं पुढे चालू ठेवलं. मोठ्या धक्क्यामागून दुसरा येतो, हे तोवर इथल्या पोरासोरांनाही ठाऊक झालेलं होतं. मलाही होतं.

थोड्या वेळानं मान वर केली तर दारात बाबा. शेतातून धावत आले होते. पाय मातीनं भरलेले, छाती वरखाली होत होती, आणि टॉवेलचा बोळा त्यांनी तोंडात धरलेला होता. खोकला येत होता आणि ते तो गिळत होते. दोन्ही हातांनी ते मला बोलावत होते: चल, चल, बाहेर चल. आवाज मात्र नाही.

मी हाताचा पंजा दाखवला. पाच मिनिटं.

ते निघून जातील असं मला वाटलं होतं. ते गेले नाहीत. उंबऱ्यात, दोन्ही हात चौकटीला लावून, ते उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खोकल्यामुळे. मी सोमवारच्या कामाबद्दल बोलत होते. मग दुसरा धक्का आला. वरची कौलं खडखडली, एक निसटलं आणि त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर फुटलं. ते दचकले, पण हाक त्यांनी मारली नाही. छप्पर डोक्यावर येत असतानाही ते मला हाक मारत नव्हते, कारण मी म्यूटवर आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी लॅपटॉप टाकून धावले.

अंगणात आल्यावर त्यांनी टॉवेल काढला आणि कोंडलेला सगळा खोकला बाहेर पडला. ते वाकले, खाली बसले. त्या दिवसांत घराघरांत दाराशी एक पिशवी तयार असे. सातबारा, रेशनकार्ड, आधारकार्ड, औषधं, धक्का बसला की घेऊन पळायची. आईनं खोकल्याची बाटली शोधायला आमची पिशवी जमिनीवर उपडी केली. कागदांबरोबर गोळ्यांची पट्टी पडली. मी ती उचलली आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली.

एनालाप्रिल.

ते नाव मी आठवड्यातून किमान दोनदा टाइप करत होते. कोरडा खोकला, घशात वळवळ, रात्री आडवं झाल्यावर जास्त. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो, गोळी बंद केल्यावर थांबतो. रक्तदाबाच्या या गटातल्या गोळ्यांचा हा इतका परिचित दुष्परिणाम आहे की आम्ही नवीन आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात उदाहरण म्हणून तो शिकवतो. मीच शिकवत असे. इटलीतल्या, पोलंडमधल्या, नागपुरातल्या अनोळखी माणसांचा हा खोकला मी पडवीत बसून ओळखत होते, आणि भिंतीवरून येणाऱ्या खोकल्याला ‘आवाज’ म्हणून परसात पाठवत होते.

“आई, ही गोळी कधीपासून?”

“गणपतीपासून. तूच लिवलं नव्हतंस का?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बाबांबरोबर डहाणूला गेले. डॉक्टर गुजराती बोलणारे, वयस्कर. त्यांनी गोळी लगेच बदलली आणि सहज म्हणाले, “बेन, खोकल्याचं तेव्हाच बोलायचं ने. घरात कोई जाणकार होता तर...”

“मी घरीच होते,” मी म्हणाले.

परतताना रिक्षात बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे खोकत व्हती ती गोळी. मी नव्हतो?” आणि स्वतःच हसले. त्या हसण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तीन आठवड्यांत खोकला पूर्ण गेला. मी त्यांच्या प्रकरणाची नोंद नियमाप्रमाणे पाठवली. वय, लिंग, औषध, त्रास. औषध थांबवल्यावर त्रास थांबला का? होय. माझ्या प्रशिक्षणात कारण दूर झालं की परिणाम ओसरतो, आणि ओसरला नाही तर कारण दुसरं असतं. बाबा खोपीतून परत आले नाहीत. वाल निघाला, राखायला काही उरलं नाही, तरी ते सकाळी गोधडी घेऊन जात. मी म्हणाले, “बाबा, आता घरात बसा ना.” ते म्हणाले, “बसतो की. तुझं काम उरकू दे.” माझं काम उरकण्यासारखं नव्हतं. मी टेबल मधल्या खोलीत हलवून पाहिलं. चार दिवसांत दोन मीटिंग तुटल्या, मॅडमची समज आली, आणि बाबांनीच ते उचलून पुन्हा खिडकीपाशी ठेवलं.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी ऊन सोसवेना म्हणून ते घराकडे आले. मी त्या वेळी नुसती वाचत बसले होते. ते उंबऱ्याबाहेर थांबले, डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला आणि म्हणाले, “येऊ का?”

हे घर त्यांनी बांधलं. जोत्याचे दगड त्यांनी आणि आईनं डोक्यावरून वाहिले. त्या घरात शिरताना ते मला परवानगी विचारत होते, आणि मी, विचार न करता, कचेरीत दाराशी आलेल्या माणसाला म्हणतात तसं म्हणाले, “या.”

ते आत येऊन भिंतीशी टेकून बसले. मी त्या संध्याकाळी कंपनीला कळवलं की परवानगीची मुदत वाढवायला नको, जूनपासून मी ऑफिसात येईन. आईला कारण सांगण्याचा प्रयत्न केला. तिनं विचारलं, “बाबांशी काय वाजलं का तुझं?” मी नाही म्हणाले. “मंग त्यांना सोडून कशाला चाललीस? त्यांच्यासाठीच आली व्हतीस ना?” याचं माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते भिंतीवरून पलीकडे ऐकू गेलं असतं. म्हणून मी दिलं नाही.

निघायच्या दिवशी बाबा सडकेपर्यंत आले. बॅग त्यांनीच उचलली, मला देईनात. डहाणूकडे जाणारी जीप भरत होती. आत बसलेल्या ओळखीच्या माणसानं विचारलं, “काय रे, पोर चालली परत?”

“व्हय,” बाबा म्हणाले. “आमच्या घरात तिचं काम नाय होत. आवाज फार असतो.”

ते तक्रारीनं म्हणाले नाहीत. आपल्याकडे काही कमी पडलं तर पाहुण्यासमोर जसं ओशाळून बोलतात, तसं म्हणाले. मी जीपच्या पायरीवर पाय ठेवला होता. “बाबा, तसं नाही,” एवढं मी म्हणाले. मी आत बसले तसं चालकानं दार लावलं. बाबांनी मान हलवली, समजलं म्हणून, आणि ते दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.